शिवण क्लासची नोंदणी, कोर्सची मान्यता आणि दप्तर: सोलापूरच्या एका ताईंच्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या पूर्व भागात एक ताई घराच्या माडीवर शिवण आणि फॅशन डिझायनिंगचे वर्ग घेतात. बरीच वर्षं झाली. सध्या पस्तीसएक मुली आहेत, दोन शिक्षिका पगारावर आहेत, घर सासूबाईंच्या नावावर आहे. आता त्यांना सरकारी योजनेतल्या बॅच घ्यायच्या आहेत आणि जोडीला कॉम्प्युटर टायपिंगही सुरू करायचंय. कुणी म्हणतं संस्था रजिस्टर करा, कुणी म्हणतं उद्यम काढलं की झालं. एका एजंटाने 'भारत सरकार मान्यताप्राप्त' करून देतो म्हणून पैसे मागितलेत. त्यांना विचारायचंय, नोंदणी कुठे कुठे करायची, कोणती रजिस्टरं ठेवायची, किती वर्षं ठेवायची, आणि आजवर दिलेल्या सर्टिफिकेटांचं काय करायचं.

ताई, एजंटाला एक रुपयाही देऊ नका. तो बहुधा तुम्हाला उद्यमची नोंदणी काढून देणार आहे. ती केंद्र सरकारच्या पोर्टलवर आधार आणि पॅनवर फुकट होते. १ जुलै २०२० पासून ही पद्धत आहे आणि तुमच्याच मोबाईलवर अर्ध्या तासात होण्यासारखी आहे. मिळणाऱ्या कागदावर भारत सरकारचं नाव असतं, तेवढ्या भांडवलावर ही माणसं 'मान्यता' विकतात. उद्यम सांगतं ते इतकंच, की तुमचा एक सूक्ष्म उद्योग आहे. तुम्ही काय शिकवता, नीट शिकवता का, हे तिथे कुणी पाहिलेलं नसतं. आयएसओ आणि ट्रेडमार्कचंही तेच.

व्यवसायाची नोंदणी आणि अभ्यासक्रमाची मान्यता या दोन गोष्टी मनात पक्क्या वेगळ्या करा. पहिली तुमच्यासाठी असते. दुसरी मुलीच्या हातातल्या कागदाला वजन देते. आपल्याकडच्या नव्वद टक्के गोंधळाचं मूळ या दोहोंच्या सरमिसळीत आहे, आणि त्याचा भुर्दंड शेवटी मुलींना पडतो.

आधी पहिली बाजू. ती सोपी आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा आहे. लोक अजून त्याला गुमास्ता म्हणतात. दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी लागत नाही, व्यवसाय सुरू झाल्यापासून ६० दिवसांत ऑनलाईन सूचना द्यायची असते. राज्य सरकारने २०२५ मध्ये ही मर्यादा २० वर नेण्याचा निर्णय घेतला, पण दोन शिक्षिकांवर चालणाऱ्या वर्गाला त्याने काही फरक पडत नाही. सूचना दिल्याची पावती मिळते ती जपून ठेवा. बँकेत क्लासच्या नावाने चालू खातं उघडताना तीच कामाला येते. आणि पाटी मराठीत, देवनागरीत हवी. पूर्व भागात तेलुगूत नाव लिहायची रीत आहे, ते खुशाल लिहा, फक्त मराठी अक्षरं त्यापेक्षा लहान नकोत.

व्यवसाय कराचे दोन भाग आहेत. तुमचा स्वतःचा वर्षाला २,५०० रुपये, तो बहुतेक क्लासवाले विसरतात आणि मग व्याजासकट भरतात. दुसरा कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापायचा. महिला कर्मचाऱ्याला महिना २५,००० रुपयांपर्यंत तो लागत नाही, त्यामुळे तुमच्या दोघींचा प्रश्न बहुधा उद्भवणार नाही. पुरुष शिक्षक ठेवलात तर साडेसात हजारांच्या वर कपात सुरू होते.

जीएसटीची मर्यादा सेवांसाठी वर्षाला २० लाखांची आहे. इथे एक मेख आहे. ही उलाढाल पॅनवर मोजतात. क्लासची फी, तुम्ही शिवून देत असलेल्या ब्लाउजांची शिलाई, गणवेशाच्या ऑर्डरी, सगळं एकाच पॅनवर असेल तर बेरीज एकत्र होते. सोलापुरात गणवेशाचं काम हंगामात अचानक फुगतं, आणि क्लास छोटाच असताना मर्यादा ओलांडली जाते. दर तीन महिन्यांनी बेरीज करून बघा. खासगी प्रशिक्षणावर कर १८ टक्के आहे. काही मान्यताप्राप्त व्यवसाय अभ्यासक्रमांना आणि सरकारी योजनांतल्या प्रशिक्षणाला सूट आहे, पण ती तुमच्या कोर्सला लागू होते की नाही हे कर सल्लागाराकडून लेखी घ्या. 'शिक्षणाला जीएसटी नसतो' या ऐकीव वाक्यावर विसंबू नका.

संस्था काढायची का? क्लास चालवण्यासाठी गरज नाही, एकल मालकी पुरते. संस्था म्हणजे किमान सात सभासद, १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद, दरवर्षी लेखापरीक्षण, आणि पदाधिकारी बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. घरातली सात नावं घालून काढलेल्या संस्था पाच वर्षांत वादात किंवा धूळ खात पडलेल्या मी भरपूर पाहिल्यात. मात्र काही योजनांच्या जाहिरातीत पात्रतेच्या अटीत कंपनी किंवा ट्रस्ट मागतात. ती अट वाचा, आणि तेव्हाच ठरवा.

जागेचं म्हणाल तर घर सासूबाईंच्या नावावर आहे म्हणून त्यांचं संमतीपत्र घ्या. घरचंच आहे म्हणून हा कागद राहतो, आणि तपासणीला आलेला माणूस नेमका तोच मागतो. भाड्याची जागा असती तर करार नोंदणीकृत असावा लागला असता. महानगरपालिकेच्या कर आकारणीत माडीचा वापर निवासी दाखवला असेल तर बदल कळवून ठेवा. कर वाढेल हे खरं, पण वापर लपवून सरकारी बॅच चालवता येत नाही.

आणि माडीचा जिना. यावर मी जरा जास्त बोलणार आहे. १८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली. ती जागा मोठी होती, तुमची छोटी आहे, पण तुमच्याकडे चिंध्या आहेत, इस्त्र्या आहेत, मोटारीच्या मशिनी आहेत आणि पस्तीस मुलींना उतरायला एक अरुंद जिना आहे. ज्या इमारतींना अग्निरोधक यंत्रणा कायद्याने बंधनकारक आहे त्यांना जानेवारी आणि जुलैत, वर्षातून दोनदा, परवानाधारक एजन्सीचं 'फॉर्म बी', म्हणजे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, द्यावं लागतं. तुमच्या घराला ते लागू नसेलही. तरी अग्निशामक सिलिंडर, त्याच्या रिफिलची तारीख, वायरिंग तपासलेल्या इलेक्ट्रिशियनचं पत्र आणि जिन्यात काही न ठेवण्याची शिस्त हे आजच करा. एका वेळी पंधरा-वीसपेक्षा जास्त मुली वर नकोत, वेळा वाटून द्या. दोन बॅच केल्याने फी बुडत नाही.

आता मान्यता. देशात व्यवसाय प्रशिक्षणाचं नियमन राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण परिषद करते, तिला एनसीव्हीईटी म्हणतात. २०१८ मध्ये ती अधिसूचित झाली, २०२० पासून कामाला लागली. ही परिषद तुमच्यासारख्या केंद्राला थेट मान्यता देत नाही. ती मान्यता देते 'अवॉर्डिंग बॉडी'ला, म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला, आणि त्या संस्थेशी केंद्र संलग्न होतं. म्हणून कुणी 'आम्ही एनसीव्हीईटीची मान्यता मिळवून देतो' म्हणाला तर त्याला विचारा, अवॉर्डिंग बॉडी कोणती? परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत नाव शोधा. यादीत नसेल तर दिल्लीचा पत्ता, गोल शिक्का आणि होलोग्राम यांना काही अर्थ नाही.

तुमच्या विषयासाठी तयार कपडे आणि गृहवस्त्रांचं सेक्टर स्किल कौन्सिल आहे. 'सेल्फ एम्प्लॉईड टेलर' आणि 'सिव्हिंग मशीन ऑपरेटर' ही त्यांची ठरलेली पात्रता नावं. राज्यात महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाचे अभ्यासक्रम आहेत. निवड करताना राष्ट्रीय पात्रता नोंदवहीच्या संकेतस्थळावर त्या अभ्यासक्रमाचा कोड आणि वैधतेची तारीख बघा. अभ्यासक्रमांना मुदत असते. जुनी आवृत्ती छापून ठेवून मुदत संपल्यावरही तीच शिकवणारी केंद्रं आहेत, आणि मूल्यमापनाच्या दिवशी मुलींना ते कळतं.

सरकारी बॅचसाठी तुमच्या केंद्राची नोंद स्किल इंडिया डिजिटल हब या केंद्र सरकारच्या पोर्टलवर आणि राज्याच्या योजनांसाठी महाराष्ट्र राज्य कौशल्य विकास सोसायटीकडे होते. सुरुवात मात्र जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रातून करा. तिथे चौकशीला पैसे लागत नाहीत. एक इशारा: केंद्र मंजूर होणं वेगळं आणि बॅचचं उद्दिष्ट, म्हणजे किती मुली शिकवायच्या तो मंजूर आकडा, मिळणं वेगळं. उद्दिष्ट हातात येण्याआधी कर्ज काढून वीस जुकी मशिनी घेऊ नका. योजनेचे पैसे टप्प्याटप्प्याने येतात, उशिरा येतात, आणि शेवटचा टप्पा बहुधा मुलींच्या रोजगाराशी बांधलेला असतो.

टायपिंगचा रस्ता निराळा. शासकीय संगणक टायपिंगची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते आणि संस्थेला शिक्षण विभागाची मान्यता लागते. त्यासाठी जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. मान्यता येईपर्यंत 'शासकीय टायपिंग' म्हणून प्रवेश घेऊ नका. एमएस-सीआयटी हवं असेल तर ते एमकेसीएलचं अधिकृत केंद्र होऊन मिळतं. आणि जाता जाता, कुणी नर्सिंगचा कोर्स जोडा म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा. तिथे नर्सिंग कौन्सिलची परवानगी लागते, गुमास्ता आणि उद्यमवर तो चालत नाही, आणि फसलेल्या मुलीचं आयुष्य पणाला लागतं.

आता दप्तराकडे येतो, कारण खरी परीक्षा तिथे आहे.

खासगी शिवण क्लासने कोणती रजिस्टरं ठेवावीत हे एका जागी लिहिलेलं सापडत नाही. पण एक धंदा असा आहे जिथे कायद्यानेच नमुना दिलाय, तो म्हणजे मोटार ड्रायव्हिंग स्कूल. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये त्यांना नमुना १४ मध्ये प्रवेशाचं रजिस्टर आणि नमुना १५ मध्ये प्रत्येक शिकाऊ चालकाने प्रत्यक्ष गाडी किती तास चालवली याची नोंद ठेवावी लागते. कोण आला आणि त्याने प्रत्यक्षात किती तास काम केलं, हे दोन प्रश्न. मी प्रत्येक क्लासचालकाला हेच दोन नमुने बघून आपली वही आखायला सांगतो. 'तीन महिन्यांचा कोर्स' हे शब्द पुरावा होत नाहीत. 'अमुक मुलगी, मशिनवर इतके तास, तारखेसह' हा पुरावा.

प्रवेश रजिस्टर एकच ठेवा, बांधीव, पानांवर आकडे टाकलेलं. पहिल्या पानावर 'या वहीत १ ते २०० पाने आहेत' असं लिहून सही आणि तारीख. प्रत्येक मुलीला एक क्रमांक, तो पुन्हा कुणाला द्यायचा नाही, मुलगी सोडून गेली तरी नाही. रकान्यांत पूर्ण नाव, जन्मतारीख, शिक्षण, पत्ता, प्रवेशाची तारीख, कोर्स, ठरलेली फी, सोडल्याची तारीख आणि कारण.

नावाबद्दल सोलापुरात विशेष जपावं लागतं. आपल्याकडची तेलुगू आणि कन्नड आडनावं इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिली जातात. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. श्रीनिवास हे साधं नावसुद्धा एकाच घरात दोन स्पेलिंगने असतं. लग्नानंतर नाव बदललेलं असतं ते वेगळंच. सरकारी बॅचला आधारशी नाव जुळलं नाही तर हजेरी लागत नाही, प्रमाणपत्र चुकीचं येतं, पैसे अडकतात. प्रवेशाच्या दिवशीच तिन्ही कागद शेजारी ठेवून तपासा. फरक असेल तर मुलीला आधी दुरुस्तीला पाठवा, मग पोर्टलवर नाव चढवा. आठवडा गेला तरी चालेल.

हजेरीपट रोज, शाईने, वर्ग चालू असताना. महिनाअखेरीस एका बैठकीत भरलेला हजेरीपट ओळखू येतो: एकच पेन, एकच हात, रविवारीही हजेरी, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवशीही सगळ्या हजर. तपासणाऱ्याला हे दिसतंच. चूक झाली तर एक आडवी रेघ, बाजूला बरोबर नोंद आणि सही. व्हाइटनर दप्तराजवळ आणूच नका. सरकारी बॅचला आधारवर आधारित बायोमेट्रिक हजेरी लागते, तरी कागदी पट ठेवा. यंत्र बंद पडलं त्या दिवशीची नोंद त्याच दिवशी शेऱ्यासह करा आणि जिल्हा कार्यालयाला ई-मेल टाका. दोन दिवसांनी केलेल्या खुलाशाला किंमत राहत नाही. कॅगने प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेवरच्या अहवालात एकच फोटो अनेक लाभार्थ्यांना लावल्यावर आणि बँक खात्यांच्या अपुऱ्या माहितीवर बोट ठेवलंय. त्यानंतर तपासणी सैल होईल अशी आशा धरू नका.

फीची पावती छापील क्रमांकाची, स्थळप्रतीसह. हप्ता घेतला तरी पावती, परत केली तरी नोंद. मुली यूपीआयने फी भरतात आणि क्यूआर कोड बऱ्याच ठिकाणी नवऱ्याच्या खात्याचा असतो. हे आजच बदला. क्लासच्या नावाचं खातं आणि त्याचाच कोड.

मशिनींसाठी डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही: जुकी, ओव्हरलॉक, पिको, प्रत्येकीचा कंपनीचा सिरीयल नंबर, खरेदीचं बिल, दुरुस्ती. कापड, दोरा, सुया यांची साठा नोंदवही वेगळी. शिक्षिकांच्या फायलीत नेमणूक पत्र, शिक्षणाचे दाखले, पगाराची पावती. सरकारी बॅचला प्रशिक्षकाचं त्या पात्रतेचं प्रमाणपत्र लागतं, त्याची मुदतही बघा. भेट रजिस्टर ठेवा, आलेला अधिकारी दोन ओळी लिहून जाईल. आणि लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याची माहिती भिंतीवर लावा. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती लागत नाही, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तक्रार करणारी बाई तुमच्या नोकरीतच असली पाहिजे असं नाही, शिकायला येणारी मुलगीही करू शकते. तिला तो पत्ता माहीत असला पाहिजे.

सर्वांत महत्त्वाचं, प्रमाणपत्र रजिस्टर. प्रत्येक सर्टिफिकेटला क्रमांक, त्यात वर्ष आणि प्रवेश क्रमांक दिसावा. कोर्सचे तास, कालावधी, दिल्याची तारीख, आणि घेणारीची सही. खराब झालेलं सर्टिफिकेट फाडायचं नाही, 'रद्द' लिहून फायलीला लावायचं. याचं कारण सांगतो. आपल्या मुली हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जातात, तिथे गारमेंट कंपनीत लागतात, आणि चार वर्षांनी तिथल्या एचआरचा फोन येतो: ही मुलगी तुमच्याकडे शिकली का? त्या वेळी 'हो, चांगली होती' एवढं पुरत नाही. रजिस्टर उघडून क्रमांक, तास आणि तारीख सांगता आली पाहिजे. रोजगाराचा पुरावाही तसाच गोळा करायचा: नेमणूक पत्र, पगाराची पावती, बँकेतल्या पगाराची नोंद. मुलगी गेल्या गेल्या मागा, सहा महिन्यांनी तिचा नंबर बदललेला असतो.

किती वर्षं ठेवायचं? जीएसटी नोंदणी असेल तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब ठेवावे लागतात. मी सगळ्यांनाच हिशेबाचे कागद आठ वर्षं ठेवायला सांगतो. हजेरीपटही तितकेच. योजनेच्या करारात जास्त मुदत असेल तर ती पाळा. प्रवेश आणि प्रमाणपत्र रजिस्टर कायमचं, त्याला मुदत नाही.

उलट काही गोष्टी ठेवायच्या नाहीत. आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा माडीवर उघडा पडलेला असतो, तो धोका आहे. पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार घ्या. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. अठराच्या आतल्या मुलीची माहिती घ्यायला पालकांची संमती लागणार आहे, म्हणून दहावी झालेल्या मुलींच्या प्रवेश अर्जावर आईची किंवा वडिलांची सही आतापासून घ्या. मुलींचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकण्यासाठी वेगळी लेखी संमती, आणि नाही म्हणण्याची खरी मोकळीक. 'शंभर टक्के नोकरी' असं जाहिरातीत लिहू नका, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली ती दिशाभूल ठरते.

राहिला शेवटचा प्रश्न, आजवरच्या सर्टिफिकेटांचा. मागच्या तारखा टाकून जुनी रजिस्टरं लिहायचा सल्ला तुम्हाला मिळेल. तो मुळीच ऐकू नका. शाई आणि कागद बोलतात, आणि एक खोटी वही सगळं खरं दप्तर संशयात आणते. त्याऐवजी आजच्या तारखेने एक नवी वही काढा. तिच्यावर लिहा: 'उपलब्ध पावत्या, फोटो, बँक नोंदी आणि विद्यार्थिनींकडच्या प्रमाणपत्रांवरून तयार केलेली पूर्वीच्या विद्यार्थिनींची यादी.' प्रत्येक नावापुढे पुरावा कोणता ते लिहा. पुरावा नसेल तो रकाना कोरा ठेवा. मुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप टाका, सर्टिफिकेटचा फोटो मागवा. निम्म्या तरी सापडतील.

ज्या सर्टिफिकेटांवर 'शासनमान्य' छापलं गेलंय ती बदलून द्या, तो शब्द काढून, तास आणि प्रत्यक्ष शिकवलेले विषय लिहून, जुनं परत घेऊन. त्यांतल्या ज्यांना खरंच सरकारी प्रमाणपत्र हवंय त्यांच्यासाठी 'पूर्वकौशल्याची मान्यता' हा मार्ग आहे. ज्यांना काम येतं त्यांचं मूल्यमापन करून प्रमाणपत्र मिळतं, पुन्हा पूर्ण कोर्स करावा लागत नाही. जिल्हा केंद्रात जाल तेव्हा अशा मुलींची यादी बरोबर न्या आणि पुढची संधी कधी आहे ते विचारून या.